नवपदवीधर परिचारिकेची पहिली नोकरी: नोंदणीपासून नियुक्तिपत्रापर्यंत

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की पहिली चौकशी पगाराची होते, आणि ती होणे स्वाभाविकही आहे, कारण तीन-चार वर्षांचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि कित्येक घरांत शैक्षणिक कर्जाचे हप्ते समोर उभे असतात. तरीही मुलाखतींच्या निमित्ताने अनेक नवपदवीधरांशी बोलल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की पहिल्या नोकरीची निवड केवळ पगाराच्या आकड्यावर किंवा रुग्णालयाच्या नावावर करू नये. निदान सुरुवातीचे सहा महिने आपल्या शेजारी उभी राहून चूक होण्याआधीच थांबवणारी अनुभवी परिचारिका जिथे असेल, ती जागा निवडावी. अशी जागा ओळखायची कशी, तिथपर्यंत पोहोचण्यासाठी कोणती तयारी लागते आणि नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी काय तपासावे, हे येथे सांगितले आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील आहेत; गोव्यातील वाचकांनी नोंदणीच्या बाबतीत गोवा नर्सिंग कौन्सिलकडे जावे. परिचारक म्हणून काम करू इच्छिणाऱ्या मुलांनाही यातील जवळजवळ सर्व मजकूर तितकाच लागू आहे.

आधी नोंदणी, मग अर्ज

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीएस्सी नर्सिंगची पदवी बहुतेकांना नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते, जीएनएम आणि एएनएम या पदवीखालच्या नर्सिंग अभ्यासक्रमांची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. मात्र नोंदणी करते ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, जिचे काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार चालते. त्यामुळे निकालानंतर गावी जाऊन महिनाभर विश्रांती घेण्याचा बेत असला तरी नोंदणीचा अर्ज त्याआधी करून टाकावा. गुणपत्रिका, उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे दाखले आणि ओळखपत्रे यांच्या स्पष्ट प्रती काढून एका ठिकाणी ठेवाव्यात, अर्जाची पावती जपून ठेवावी आणि अर्जाची स्थिती दर आठवड्याला तपासावी. परराज्यात शिकून आलेल्या उमेदवारांना मूळ राज्याच्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन येथे नोंदणी करावी लागते आणि त्याला वेळ लागतो, हे लक्षात घेऊनच मुंबई-पुण्यातील खोलीचा करार करावा.

नोंदणी क्रमांक हाती येण्यापूर्वीच काही रुग्णालये उमेदवाराला शिकाऊ म्हणून घेतात आणि प्रत्यक्षात तिच्याकडून पूर्ण परिचारिकेचे काम करून घेतात. या व्यवहारात तोटा उमेदवाराचाच असतो. औषध दिल्याची, रक्त चढवल्याची, रुग्णाची प्रकृती बिघडल्याची नोंद करून केस पेपरवर तुमची सही होते आणि उद्या त्या नोंदीवरून चौकशी झाली तर तुमच्याकडे नोंदणी नव्हती, एवढीच गोष्ट पुढे येते. अशी नोकरी घ्यावीच लागली तर काम स्वतंत्रपणे न करता नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखालीच करायचे आहे, आणि नोंदणी क्रमांक मिळाल्याच्या तारखेपासून पद व वेतन बदलेल, या दोन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.

राज्याच्या नोंदणीबरोबरच भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीतील ओळख क्रमांक, म्हणजे ज्याला सगळे एनयूआयडी म्हणतात तो, लवकर काढून घ्यावा. केंद्रीय संस्था आणि मोठी खासगी रुग्णालये तो विचारू लागली आहेत. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात, म्हणून पहिल्या कार्यशाळेपासूनचे प्रत्येक प्रमाणपत्र एका धारिकेत लावण्याची सवय आत्ताच लावून घ्यावी.

कागदपत्रांमध्ये सर्वाधिक अडचण नावातील फरकाने होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पदवीवर आईचे नाव आणि बँकेच्या खात्यावर लग्नानंतरचे आडनाव, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास असते. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाचे राष्ट्रीय मानांकन, असलेल्या रुग्णालयांना प्रत्येक परिचारिकेची पात्रता व नोंदणी पडताळून पाहावी लागते आणि नावे जुळली नाहीत तर ती पडताळणी अडकते. सरकारी भरतीत तर कागदपत्र तपासणीच्या दिवशीच हा प्रश्न उभा राहतो. नाव बदलले असल्यास राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी आणि लग्न ठरलेले असल्यास नोंदणी कोणत्या नावाने करायची, हे आधीच ठरवावे.

आणखी एका कागदाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, तो म्हणजे लसीकरणाची नोंद. हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा साधारणपणे शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने घ्यायच्या असतात, आणि तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासता येते. ती १० मिलीआंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असेल तर संरक्षण मिळाले असे मानतात. शिक्षण घेत असताना लस घेतली असेल तर नोंद शोधून काढावी, नसेल तर लगेच सुरुवात करावी. हे रुग्णालयासाठी म्हणून करायचे नाही, स्वतःसाठी करायचे आहे.

सरकारी भरती आणि खासगी नोकरी यांपैकी एकच निवडण्याची गरज नाही

सरकारी जाहिरात येईपर्यंत घरी बसून अभ्यास करायचा, असा निर्णय घेणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात. सरकारी सेवेचे आकर्षण समजण्यासारखे आहे: राज्य शासनात अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि केंद्रीय संस्थांमध्ये नर्सिंग ऑफिसरचे ४४,९०० रुपयांपासून, शिवाय भत्ते वेगळे. परंतु या भरत्या ठरलेल्या वेळी येत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांनी २०२३ मध्ये मोठी पदभरती काढली, त्याआधी कित्येक उमेदवार वर्षानुवर्षे ताटकळत होते. जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्र तपासणी आणि नियुक्ती या टप्प्यांत सहज वर्ष निघून जाते, मध्येच न्यायालयीन वाद उभा राहिला तर त्याहूनही अधिक. तेवढ्या काळात हातातील कौशल्य गंजते. म्हणून माझा सल्ला असा की नोकरी करत अभ्यास करावा आणि त्यासाठी रात्रपाळ्यांचे प्रमाण माफक असलेली जागा शोधावी.

कोणत्या जाहिरातींवर लक्ष ठेवायचे, हे थोडक्यात सांगतो. जे. जे., ससून, नागपूर व मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरची घाटी यांसारख्या शिक्षण रुग्णालयांची भरती वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. जिल्हा रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. केईएम, सायन, नायर आणि कूपर ही मुंबई महानगरपालिकेची रुग्णालये असून तिची भरती स्वतंत्र होते, तशीच पुणे, ठाणे, नवी मुंबई येथील महापालिकांचीही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील जागा कंत्राटी असतात आणि जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या स्तरावर निघतात. नर्सिंग ऑफिसर पदासाठीची एम्सची नॉरसेट परीक्षा सहसा वर्षातून दोनदा होते आणि तिच्यातून नागपूरच्या एम्ससह अनेक केंद्रीय संस्थांमध्ये निवड होते. रेल्वे, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, टाटा मेमोरियल आणि सैन्याची परिचर्या सेवा यांच्या जाहिराती वेगळ्या. राज्याच्या परीक्षांत नर्सिंगबरोबरच मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असते. नर्सिंगमध्ये उत्तम असणाऱ्या मुली मराठी व्याकरणात गुण घालवतात, हे वाईट वाटण्यासारखे आहे, कारण ते गुण सर्वांत कमी कष्टात मिळवता येतात.

अधिवास प्रमाणपत्र, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेअर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे जाहिरात आल्यावर काढायला घेऊ नयेत. त्यातही जातवैधतेला सर्वाधिक वेळ लागतो.

जीएनएम झालेल्यांसाठी येथे एक महत्त्वाची सूचना आहे. नॉरसेटसाठी बीएस्सी नर्सिंग उमेदवारांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएम उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. केंद्राच्या इतर काही भरत्यांतही ५० खाटांची अट असते. याचा अर्थ असा की घराजवळच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये चार वर्षे मन लावून काम केले तरी त्या परीक्षेच्या दृष्टीने अनुभव शून्यच ठरतो. पहिली नोकरी स्वीकारताना खाटांची संख्या विचारण्याचे हे सर्वांत रोकडे कारण आहे.

रुग्णालय पारखताना

शहरातील बड्या रुग्णालयाचे नाव ओळखपत्रावर असावे, असे प्रत्येकीला वाटते. मोठ्या रुग्णालयाचे फायदे खरे आहेत: तिथे लेखी कार्यपद्धती असतात, औषधे व साधने मिळतात, नवागतांसाठी ठरावीक प्रशिक्षण असते आणि पुढे परदेशी जायचे असल्यास त्या नावाचा उपयोग होतो. परंतु त्याच रुग्णालयातील एका विभागात उत्तम शिक्षण मिळते आणि दुसऱ्या विभागात नवीन मुलगी केवळ फायलींमध्ये आकडे भरत राहते, असेही घडते. उलट जिल्ह्याच्या गावातील शंभर-सव्वाशे खाटांच्या ट्रस्टच्या रुग्णालयात एखादी कडक, पण जीव ओतून शिकवणारी मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, असेल, तर वर्षभरात प्रसूतीपासून विषबाधेपर्यंत सर्व प्रकारचे रुग्ण हाताखालून जातात. म्हणून प्रश्न रुग्णालयाचा जितका आहे, तितकाच विभागाचा आणि तिथल्या इन्चार्ज सिस्टरचा आहे.

याची चौकशी कशी करायची? मानव संसाधन विभागाला विचारले तर छापील उत्तर मिळते. त्याऐवजी आपल्याच महाविद्यालयातून एक-दोन वर्षे आधी बाहेर पडलेल्या आणि तिथे काम करणाऱ्या सिनिअर्सना गाठावे. रुग्णालय कसे आहे, असा मोघम प्रश्न न विचारता नेमके प्रश्न विचारावेत. नवीन परिचारिकेला पहिल्यांदा एकटीने रुग्ण सांभाळायला कधी देतात? पहिली रात्रपाळी कधी लागते आणि त्या रात्री सोबत कोण असते? जनरल वॉर्डमध्ये एका सिस्टरकडे किती रुग्ण येतात आणि कोणी अचानक रजेवर गेले तर किती? पाळी संपल्यावर हँडओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवणे, खाटेजवळ होतो की टेबलावरच उरकतात? चूक कळवली तर काय होते? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराला मी सर्वाधिक महत्त्व देतो. औषधाची चूक कळवणाऱ्या मुलीचा पगार कापणाऱ्या रुग्णालयात चुका लपवल्या जातात, आणि जिथे त्या लपवल्या जातात तिथे नवी परिचारिका काहीही सुरक्षितपणे शिकू शकत नाही.

रुग्णसंख्येचा एक ढोबळ मापदंड मनात असावा. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे एक परिचारिका असणे हे अतिदक्षता विभागाचे अपेक्षित प्रमाण आहे. सामान्य वॉर्डात पाच-सहा रुग्णांमागे एक असे प्रमाण निकषांत आढळते, मात्र प्रत्यक्षात ते बरेचदा पाळले जात नाही, विशेषतः रात्री. नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात रात्री एकटीने वीस-पंचवीस रुग्ण दिले जाणार असतील, तर पगार दोन-तीन हजारांनी अधिक असला तरी ती जागा नाकारावी, असे मी स्पष्टपणे सांगतो.

थेट आयसीयूत जावे की आधी वॉर्ड करावा, यावर अनुभवी परिचारिकांमध्येही मतभेद आहेत. माझा कल वॉर्डाकडे आहे. वॉर्डात रुग्ण बोलतो, कण्हतो, जेवत नाही, रात्री घाबरतो, आणि मॉनिटरने इशारा देण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्यावरून, श्वासावरून प्रकृती बिघडल्याचे ओळखायला तिथेच शिकता येते. सहा महिने ते वर्षभर वॉर्ड करून आयसीयूत गेलेली मुलगी यंत्रांना घाबरत नाही आणि यंत्रांवर विसंबूनही राहत नाही. तरीही एखाद्या आयसीयूत दोन-तीन महिन्यांचे नीट आखलेले प्रशिक्षण आणि त्या काळात सोबत नेमून दिलेली सिनिअर परिचारिका असेल, तर ती संधी सोडू नये.

अर्ज

खासगी रुग्णालयांत जागा सतत रिकाम्या होत असतात आणि त्यांपैकी अनेक जागांची जाहिरात कधीच निघत नाही. म्हणून संकेतस्थळांवर अर्ज टाकून वाट पाहण्यापेक्षा निवडलेल्या रुग्णालयांत सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास, राउंड संपत आल्यावर, प्रत्यक्ष जाऊन मेट्रनच्या किंवा नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या कार्यालयात अर्ज द्यावा. वॉक-इन मुलाखती असतील तर मूळ कागदपत्रे आणि प्रतींचे दोन संच घेऊन जावे. अंतिम वर्षात जिथे प्रात्यक्षिकांसाठी पाठवले होते, ते रुग्णालय पहिल्यांदा गाठावे. तिथल्या इन्चार्ज सिस्टरने तुमचे काम पाहिलेले असते आणि तिचा एक शब्द चार पानांच्या बायोडेटापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

बायोडेटा दोन पानांपेक्षा मोठा नसावा. नाव, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि संपर्क यांनंतर लगेच प्रात्यक्षिकांचा अनुभव लिहावा, आणि तो मोघम शब्दांत न लिहिता कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, किती आठवडे आणि तिथे स्वतः काय केले, अशा रीतीने लिहावा. परिश्रमी, प्रामाणिक, संघभावना असलेली ही विशेषणे प्रत्येक बायोडेट्यात असतात आणि मुलाखत घेणारे ती वाचत नाहीत. देखरेखीखाली किती प्रसूती केल्या, कॅथेटर किती वेळा घातला, राइल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातली आहे की फक्त पाहिली आहे, हे खरेखुरे लिहावे. बीएलएसचे, म्हणजे प्राथमिक जीवनरक्षणाचे, प्रशिक्षण झालेले असल्यास त्याची मुदतही लिहावी. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. ते नसेल आणि परवडत असेल तर मुलाखतींआधी करून घ्यावे.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये, मग तो ओळखीचा असो वा महाविद्यालयातील कोणी असो. सरकारी भरतीत परीक्षा शुल्काखेरीज कसलाही खर्च नसतो.

मुलाखत

मुलाखत घेणारे नवपदवीधर मुलीकडून सखोल ज्ञानाची अपेक्षा करत नाहीत. ही मुलगी रुग्णाजवळ एकटी असताना धोकादायक काही करणार नाही ना, आणि जे येत नाही ते विचारेल ना, या दोन गोष्टी त्यांना तपासायच्या असतात. प्रश्नांचे स्वरूप यावरूनच ठरते.

सलाइनचा वेग काढायला सांगतात. ५०० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचे आहे आणि संच २० थेंबांना १ मिलिलिटर देणारा आहे, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हे गणित कागदावर, न घाबरता, मोठ्याने बोलत करून दाखवावे, कारण समितीला उत्तराइतकीच तुमची पद्धत पाहायची असते. इन्सुलिनबद्दल विचारतात: आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन सहसा मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते, तर पेनमधील इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटचे असते. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. हे हिशेबासह सांगणाऱ्या उमेदवाराकडे समिती वेगळ्या नजरेने पाहते. संहत पोटॅशियम क्लोराइड शिरेतून थेट का द्यायचे नाही, अॅड्रेनालीनच्या कुपीत किती औषध असते, शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर ३ ते १५ मधील कोणता आकडा कशाचा निदर्शक आहे, कोणता कचरा पिवळ्या किंवा लाल पिशवीत, कोणता निळ्या खुणेच्या खोक्यात आणि कोणता पांढऱ्या डब्यात, हे प्रश्न जवळपास ठरलेलेच असतात.

प्रसंग सांगून विचारलेले प्रश्न अधिक कठीण असतात. रक्त चढवणे सुरू केल्यावर दहा मिनिटांत रुग्णाला थंडी वाजून कंबर दुखू लागली, तर तुम्ही काय कराल? बहुतेक मुली डॉक्टरांना कळवेन, असे म्हणतात आणि थांबतात. कळवायचे आहेच, पण त्याआधी रक्त बंद करायचे, शीर उघडी ठेवण्यासाठी नवा संच लावून नॉर्मल सलाइन सुरू करायचे, नाडी, रक्तदाब, तापमान पाहायचे, पिशवीवरील आणि रुग्णाच्या मनगटावरील तपशील पुन्हा जुळवायचे, आणि पिशवी फेकून न देता ती नमुन्यांसह रक्तपेढीकडे पाठवायची. उत्तर देताना हा क्रम चुकला तर गुण जातात, वॉर्डात चुकला तर रुग्ण जातो.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर अंदाज बांधू नये. हे मला निश्चित माहीत नाही, वॉर्डात असते तर औषध देण्यापूर्वी सिनिअर सिस्टरला विचारले असते, असे शांतपणे सांगावे. हे उत्तर कमकुवत समजले जाईल, अशी भीती नव्या मुलींना वाटते. प्रत्यक्षात चांगल्या मेट्रनला नेमके हेच ऐकायचे असते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजीची धास्ती असते. रुग्णालयातील नोंदी इंग्रजीत असतात आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत हँडओव्हरही बरेचदा इंग्रजीत होतो, म्हणून याची तयारी हवीच. मैत्रिणीसमोर बसून एका काल्पनिक रुग्णाचा हँडओव्हर रोज मोठ्याने द्यावा: रुग्ण कोण, कशासाठी दाखल, आत्ता कसा आहे, काय दिले, काय बाकी आहे, कशावर लक्ष ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत जीभ वळते. आणि हेही विसरू नये की सोलापूर-बीडकडून आलेल्या आजीबाई आपला त्रास ज्या शब्दांत सांगतात तो नेमका समजून केस पेपरवर अचूक उतरवणे, हे महाराष्ट्रातील रुग्णालयासाठी मोलाचे कौशल्य आहे. मुलाखतीत ते उदाहरणासह सांगायला संकोचू नये.

मुलाखतीच्या शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे विचारतात. तेव्हा प्रशिक्षणाचा कालावधी, सोबत नेमून दिली जाणारी सिनिअर परिचारिका आणि सुरुवातीचा विभाग यांबद्दल आदरपूर्वक, पण स्पष्ट विचारावे. पगाराची चर्चा निवड झाल्यावर मानव संसाधन विभागाशी करावी.

नियुक्तिपत्र आणि बाँड

निवड झाल्याचे फोनवर कळले म्हणून आनंदात घरून सामान घेऊन निघू नये. नियुक्तिपत्र हाती आल्यावर ते घरी नेऊन वाचण्यासाठी एक दिवस मागावा. सीटीसी, म्हणजे रुग्णालयाला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, म्हणून सांगितलेल्या आकड्यात मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, विमा, कधीकधी वसतिगृह आणि भोजनही मिळवलेले असते, त्यामुळे खात्यात दरमहा नेमके किती जमा होणार, हे लिहून घ्यावे. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे कापले जातात. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण मिळते. व्यवसाय करात महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर सूट आहे. ती असूनही कपात झालेली दिसली तर विचारावे.

खासगी रुग्णालयांतील वेतन किती असावे, याबद्दल एक आधार उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन राज्य शासनाच्या त्याच श्रेणीइतके असावे, १०० ते २०० खाटांसाठी ते जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. या शिफारशी अमलात आणण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले आणि प्रत्यक्षात नव्या मुलींना याहून बरेच कमी वेतन आजही दिले जाते, ही अन्यायाची गोष्ट आहे. वेतनाची बोलणी करताना मात्र हे आकडे माहीत असावेत. सभ्यपणे त्यांचा उल्लेख केल्यास किमान पहिल्या वेतनवाढीची तारीख तरी लेखी मिळते.

बाँडबद्दल सावध राहावे. एक किंवा दोन वर्षे नोकरी न सोडण्याची अट प्रशिक्षणाच्या खर्चाचे कारण देऊन घातली जाते. ते प्रशिक्षण खरोखर कोणते आणि किती दिवसांचे आहे, मध्ये सोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल, जसजसे महिने जातील तसतशी ती रक्कम कमी होईल का, आणि सरकारी नोकरी लागल्यास सवलत आहे का, हे वाचून घ्यावे. कोरा धनादेश देऊ नये. मूळ गुणपत्रिका, पदवी आणि नोंदणी प्रमाणपत्र पडताळणीसाठी दाखवावे आणि त्याच दिवशी परत घ्यावे. ती ठेवून घेणारच, असे म्हणणाऱ्या रुग्णालयात रुजू होऊ नये. सरकारी भरतीच्या तपासणीला मूळ कागदपत्रे नसल्यामुळे हातची नोकरी गेलेल्या मुली आहेत.

याशिवाय रात्रपाळी संपल्यावर सुटी कशी मिळते, दुपारची पाळी उशिरा संपल्यास घरी किंवा वसतिगृहात पोहोचवण्याची सोय आहे का, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्य कोण आहेत आणि सुई टोचल्यास तपासणी व औषधाचा खर्च कोण करतो, हे रुजू होण्याच्या दिवशीच माहीत करून घ्यावे. सुई टोचल्यास जागा साबणपाण्याने धुऊन ताबडतोब कळवायचे असते, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. नवी आहे म्हणून गप्प बसणाऱ्या मुलींची मला सर्वांत अधिक काळजी वाटते.

रुजू झाल्यानंतर

पहिल्या आठवड्यात क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीत, कोणते औषध कोणत्या कप्प्यात आहे, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि मदतीसाठी कोणता क्रमांक फिरवायचा, हे पाठ करावे. वॉर्डातील मावशी आणि मामा यांच्याशी आदराने वागावे; साहित्य कुठे आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. जे काम पहिल्यांदा करणार आहात ते पहिल्यांदा करत असल्याचे आधी सांगावे. कोणत्या विभागात कधीपासून कधीपर्यंत काम केले आणि कोणती कौशल्ये स्वतंत्रपणे करता येऊ लागली, याची तारखांसह नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी, रुग्णांची नावे मात्र त्यात कधीही लिहू नयेत.

ही नोंद पुढे अनुभव प्रमाणपत्र घेताना कामाला येते. नोकरी सोडताना ठरलेली पूर्वसूचना लेखी देऊन तिची पोच घ्यावी आणि प्रमाणपत्र रुग्णालयाच्या शीर्षपत्रावर, जावक क्रमांक, तारीख, अधिकाऱ्याची सही व शिक्का यांसह मागावे. त्यात तुमचे नोंदणीवरील नाव, पद, पूर्णवेळ काम केल्याचा उल्लेख, रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख, विभाग आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या असावी. यांपैकी एखादी गोष्ट राहिली असेल तर ती त्याच दिवशी, कार्यालयात उभे राहूनच दुरुस्त करून घ्यावी, कारण दोन वर्षांनी परीक्षेच्या तपासणीच्या वेळी तेच प्रमाणपत्र पुन्हा मागायला गेल्यावर सही करणारे अधिकारी बहुधा बदललेले असतात.